ओनोमिचीतली संकष्टी

दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांपासून वाचवणं हे माझं काम. ऑफिसात त्याला 'ब्रिज इंजिनिअर' असं भारदस्त नाव आहे. तोक्योतला क्लायंट म्हणतो, "इतकं वाईट काम आम्ही आजवर पाहिलं नव्हतं," तेव्हा मी पुण्याच्या टीमला सांगते, "थोडे बदल हवे आहेत." पुण्याची टीम म्हणते, "ह्यांना काय हवंय ते ह्यांचं ह्यांनाच कळत नाही," तेव्हा मी कमरेत वाकून क्लायंटला सांगते, "टीम आपल्या अपेक्षा नीट समजून घेते आहे." दोन्हीकडे खुशी. माझ्या हाताखालून गेलेला एकही प्रोजेक्ट भांडणात बुडालेला नाही आणि ह्याचा मला अभिमान आहे.

ह्याचा तोटा असा की घरातसुद्धा काही अवघड बोलायचं असलं की ते माझ्याच गळ्यात येतं.

"तू सांग ना आईला," माझा नवरा क्षितिज म्हणाला. "तू नीट सांगतेस."

सांगायचं होतं ते असं. आम्हाला मूल होणार नव्हतं आणि आता त्यासाठी आम्ही काही करणारही नव्हतो. तोक्योतल्या दवाखान्यात तीन वेळा आयव्हीएफ करून झालं होतं, तिन्ही वेळा काही हाती लागलं नव्हतं. मागच्या वर्षी आम्ही दोघांनी बसून ठरवलं, पुरे. मी इंजेक्शनांची उरलेली पाकिटं कचऱ्याच्या नियमाप्रमाणे दवाखान्यात परत नेऊन दिली आणि येताना मोठं आइस्क्रीम खाल्लं. सासूबाईंना मात्र अजून 'डॉक्टर म्हणतायत जरा थांबू या' एवढंच माहीत होतं. ते वाक्य अर्थात माझंच.

सासूबाई म्हणजे दमयंतीबाई. पुण्यात शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. दोन महिन्यांसाठी आमच्याकडे तोक्योजवळच्या ग्योतोकुला आल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी तिघांनी ओनोमिचीला जायचं, समुद्र बघायचा, देवळं बघायची आणि तिथे निवांतपणे सांगायचं असा बेत होता. बेत क्षितिजचाच. निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या सॉफ्टवेअरची रिलीज आली. आयटीतल्या माणसाची रिलीज नेमकी आईशी बोलायच्या वेळेलाच येते. मी त्याच्याशी भांडले, मग बॅग भरली आणि सासूबाईंना घेऊन शिंकान्सेनमध्ये, तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये, बसले. मला जमेल अशी माझी खात्री होती. मी ह्याहून वाईट बातम्या ह्याहून अवघड लोकांना सांगितल्या आहेत.

फक्त मध्ये एक संकष्टी होती.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "मी संकष्टी धरलीय. नातवंडासाठी. तुला आधीच सांगते, मागून कळायला नको." तेव्हापासून दर महिन्याला त्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर त्यांचा गणपतीचा फोटो यायचा, खाली 'आज संकष्टी'. दर महिन्याला न चुकता येणाऱ्या दोन गोष्टी, एक तो गणपती आणि एक माझी पाळी. कधी दोन्ही एकाच दिवशी. मला त्या गणपतीचा राग यायचा. देवाचा राग धरू नये हे मलाही कळतं, पण यायचा. माझ्या नावाने कुणीतरी पुण्यात उपाशी बसलंय, आणि मी इथे काहीच करू शकत नाही, असं वाटायचं. तो फोटो मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवून बंद करून टाकायचे.

ओनोमिचीतल्या आमच्या दुसऱ्या दिवशी संकष्टी होती आणि वार होता शुक्रवार.

सकाळभर आम्ही देवळांच्या पायऱ्या चढत होतो. आदल्या दिवशी त्यांनी डब्यात आणलेले राजगिऱ्याचे लाडू गाडीतच संपले होते, कारण संपवणारी मी होते. मग कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, शिरलो. मी पाकिटांच्या पाठी वाचत सुटले. बटाट्याच्या वेफर्समध्ये कोंबडीचा अर्क. शेंगदाण्यांच्या पाकिटात वाळवलेली इवलीशी मासळी, डोळ्यांसकट. दह्यात जिलेटिन. शेवटी केळी घेतली.

"कालपासून केळीच चाललीयत," सासूबाई म्हणाल्या. "मी काय माकड आहे का?"

"आई, दुसरं काही नाहीये."

"नसू दे. मला भूक नाहीच आहे."

हे त्या पायरीवर बसून म्हणाल्या आणि उठताना त्यांनी कठडा धरला. तेव्हा मात्र मी ठरवलं, आता ह्या बाईला दही-बटाटा मिळाल्याशिवाय मी हलणार नाही. जपानात दही-बटाटा मिळत नाही म्हणजे काय?

स्टेशनजवळच्या छत घातलेल्या बाजारगल्लीत, केशकर्तनालय आणि छत्र्यांच्या दुकानाच्या मध्ये, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक चिमुकलं दुकान होतं. पार्सलची खिडकी, आत दोन टेबलं. वर जपानीत लिहिलेलं, 'ग्रीक घरगुती जेवण, घेऊन जा किंवा बसा'. खिडकीला दह्याचा फोटो होता. त्या फोटोसाठी मी आत शिरले. आत उभ्या सळईवर मांसाचे थर फिरत होते, त्यातून तेल गळत होतं. मी सासूबाईंकडे बघितलं.

"मी त्याच्याकडे पाठ करून बसते," त्या म्हणाल्या. "त्याचं त्याला, माझं मला."

दुकानदार सत्तरीचा असेल. पांढऱ्या मिशा, पोटावर एप्रन, आणि जपानी अशी अस्खलित की माझीच मला लाज वाटली. नाव लेफ्तेरीस. समोरच्या खाडीपलीकडच्या गोदीत एका ग्रीक मालकाची जहाजं बांधली जात होती, त्यांच्यावर देखरेख करायला तरुणपणी आला, शेजारच्या केशकर्तनालयातल्या बाईंशी लग्न केलं आणि राहिला. हे सगळं त्याने मी मेनू वाचत असतानाच सांगून टाकलं.

मी त्याला सांगितलं की ह्या माझ्या सासूबाई, मांस-मासे खात नाहीत, शिवाय आज त्यांचा उपास आहे. जपानात हे सांगितलं की साधारण अर्धा तास जातो. समोरचा आधी 'डाएट का?' विचारतो, मग 'तब्येत बरी नाही का?' विचारतो, मग घाबरतो. हा घाबरला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला.

"उपास. अर्थात. आज शुक्रवार आहे," तो म्हणाला. "माझाही आहे. आमच्याकडे शुक्रवारी असतोच. बसा, बसा. काय द्यायचं ते मला बरोबर कळतं."

मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यासुद्धा खूश झाल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "कुठे ग्रीस, कुठे आपण. उपासाला देश नसतो."

लेफ्तेरीसने दह्याचं भांडं उचलून फ्रीजमध्ये ठेवून दिलं. चीज उचललं, तेही आत. मग मागच्या शेगडीवरून, फलकावर नसलेलं, स्वतःच्या जेवणासाठी केलेलं एक पातेलं आणलं आणि सासूबाईंसमोर एक ताट मांडलं. टोमॅटो-कांद्याच्या रश्श्यात शिजलेल्या मोठ्या पांढऱ्या बिया, बाजूला जाडजूड पावाचे तुकडे आणि चार काळी ऑलिव्ह.

सासूबाईंनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही डबल बी आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि हा पाव आहे. आणि कांदा."

"हो."

"ह्याला हा उपास म्हणतो? हे तर लग्नाच्या पंगतीतलं जेवण झालं. ह्याला म्हणावं, अशाने तुमचा देव पावणार कसा?"

मी लेफ्तेरीसकडे वळून म्हणाले, "वास फार छान येतोय, असं त्या म्हणतात."

तो इतका खूश झाला की त्याने त्यांच्या हातात चमचा दिला. त्यांनी चमचा टेबलावर ठेवला आणि फ्रीजकडे बोट केलं. "दही," त्या म्हणाल्या. मग खिडकीशी टोपलीत ठेवलेल्या बटाट्यांकडे बोट केलं. बोटाचं भाषांतर मला मऊ करता येत नाही.

"दही?" लेफ्तेरीसने कपाळावर हात मारला. "शुक्रवारी? दूध, दही, चीज, अंडं, जनावराकडून आलेलं सगळं बंद, हाच तर उपास. दही खाल्लं तर तो उपास कसला?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, कारण तोवर दोघं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"त्याला सांग, दही नसेल तर उपास निघायचा कसा? धान्य बंद, कडधान्य बंद, हा उपास. पोटभर उसळ-पाव खाऊन उपास करणारा हा मला पहिलाच भेटला."

"बटाटा चालतो म्हणतात? तळलेला? दह्याबरोबर? बाई, ह्याला आमच्याकडे सण म्हणतात."

मला हसू यायला लागलं होतं. दोघंही अजिबात रागावलेले नव्हते. दोघांनाही बऱ्याच वर्षांनी आपल्या तोलामोलाचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटत असावं. शेवटी सासूबाईंमधली गणिताची बाई पुढे आली. त्यांनी कागदी रुमाल ओढला, पेन मागितलं आणि मध्ये उभी रेघ मारली.

"त्याच्या उपासाला काय काय चालतं ते एकेक सांगायला सांग. मग माझं. मसावि काढू."

जपानीत मसावि कसा सांगतात ते मला ऐनवेळी आठवलं नाही, पण लेफ्तेरीसला रुमाल बघूनच कळलं. शेवटी दोघांच्या उपासात बसणाऱ्या तीन गोष्टी निघाल्या. बटाटा, काकडी आणि शेंगदाणे. त्याने नवं तेल ओतून बटाटे तळले, काकडी चिरली. शेंगदाणे त्याच्याकडे नव्हते, तर बायकोच्या दुकानातून आणले. आणि मग, खांदे उडवत, दह्याचं भांडंही आणून ठेवलं. "त्यांचा देव, त्यांचे नियम," तो मला म्हणाला.

सासूबाईंनी चमचाभर दही जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. "हे दही नाही, चक्का आहे," त्या म्हणाल्या. "नीट टांगून ठेवलेला. माणूस कामाचा आहे."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. लेफ्तेरीस आपलं डबल बीचं ताट घेऊन आमच्याच टेबलाशी बसला. मी पाव आणि काकडी खात होते. बाहेर पाऊस नव्हता, गर्दी नव्हती, सासूबाईंच्या गालांवर रंग आला होता. आता सांगावं, असं मी ठरवलं. वाक्यसुद्धा तयार होतं. 'आई, डॉक्टरांचं म्हणणं असं पडतंय की…' इथून सुरुवात.

तेवढ्यात लेफ्तेरीस म्हणाला, "मी तरुणपणी उपासबिपास काही मानायचो नाही. आई आयुष्यभर करत आली. ती गेली आणि मी इथे शुक्रवारी बिया शिजवायला लागलो. तिच्यासाठीच म्हणा. ह्या कुणासाठी करतात?"

सासूबाईंना विचारायची मला गरज वाटली नाही. उत्तर मला तोंडपाठ होतं.

"नातवंडासाठी," मी म्हणाले.

त्याने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि दोन्ही हातांची झोळी करून ती हलकेच डावी-उजवीकडे हलवली. मग माझ्या ताटात आपल्या हाताने बटाटे वाढले. भरपूर वाढले. "होईल," तो मला म्हणाला. "खा. होईल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण तो बटाट्यांचा ढीग मला उचलून फेकून द्यावासा वाटला.

झोळीला भाषांतर लागत नाही. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"काय सांगितलंस त्याला?"

"त्याने विचारलं उपास कशासाठी. मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"नातवंडासाठी म्हणून. तुम्हीच सांगितलं होतंत ना मला."

त्यांनी हात पुसले. "ते पहिलं," त्या म्हणाल्या. "ते मी कधीच सोडलं. तू दुसऱ्या वेळी दवाखान्यातून आलीस आणि व्हिडिओ कॉल लावलास, आठवतं? केस विंचरले होतेस, लिपस्टिक लावली होतीस आणि मला सांगत होतीस की आई, अगदी मजेत आहे. तुझा हात सुजला होता. तू तो कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवत होतीस, पण पाणी प्यायलीस तेव्हा दिसला. फोन ठेवला आणि मी गणपतीला सांगितलं, बाबा रे, मूल द्यायचं तर दे, नाहीतर राहू दे, पण ह्या पोरीला ह्यातून सोडव. पुढची संकष्टी त्यासाठी धरली. तेव्हापासूनच्या सगळ्या त्यासाठीच."

मी तो हात टेबलाखाली घेतला.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हणाले.

"कशी बोलणार? तू म्हणायचीस, डॉक्टर म्हणतायत जरा थांबू या. म्हणजे पुन्हा सुया आहेतच, असं मी धरून चालले. तू अजून त्यातच अडकलेली असताना मी कशाला आशा सोडल्याचं सांगू?"

तयार ठेवलेलं वाक्य मी टाकून दिलं. "आई, आम्ही थांबलोय," मी म्हणाले. "डॉक्टर काही म्हणाले नाहीत. आम्हीच थांबवलं. आता पुन्हा काही करणार नाही. मूल होणार नाही."

लेफ्तेरीसला शब्द कळत नव्हते, पण तो जेवायचा थांबला होता. सासूबाईंनी टेबलावरच्या रुमालाची घडी घालून तो बाजूला ठेवला.

"कधी थांबलात?"

"मागच्या वर्षी. गणपतीच्या आधी."

"मागच्या वर्षी."

"हो."

"म्हणजे तू सुटलीस त्याला वर्ष झालं."

"हो, आई."

"आणि मी वर्षभर उपाशी?" त्यांचा आवाज एकदम शाळेतला झाला. "वर्षभर मी साबुदाणा गिळतेय. चंद्र ढगाआड गेला की खिडकीशी ताटकळतेय. मागितलं होतं ते देऊन तो मोकळा झालाय आणि मी आपली दर महिन्याला पुन्हा त्याच्या दारात. काय म्हणत असेल तो मला?"

"आई, सॉरी, मी…"

"आणि क्षितिज? त्याला तोंड नव्हतं?"

"त्याची रिलीज होती."

"त्याची रिलीज मी बघते." त्यांनी कपाळाला हात लावून डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाल्या. मग डोळे उघडले आणि दह्याची वाटी बाजूला सारली. "उद्यापन पुण्याला गेल्यावर करीन, नीट, एकवीस मोदकांचं. पण धरलेला उपास फळलाय, तो आज आणखी लांबवायचं मला कारण दिसत नाही. त्याला सांग, ती डबल बी वाढ."

मी सांगितलं. तो म्हणाला, पण त्यांच्या उपासाचं काय? मी म्हणाले, जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं, म्हणून संपला. त्याने माझ्या पोटाकडे बघितलं. "ते नाही," मी म्हणाले. "त्या मला बरं वाटावं म्हणून करत होत्या." त्याला हे कितपत कळलं माहीत नाही, पण त्याने ताट काठोकाठ भरून आणलं आणि आत जाऊन पाव पुन्हा गरम केला.

सासूबाई जेवल्या. रश्श्यात पाव बुडवून, बोटं चाटून, भर दुपारी, संकष्टीच्या दिवशी. मी बघत राहिले. मला फार बरं वाटत होतं, विजय मिळवल्यासारखं. सगळं सांगून झालं होतं, कुणी रडलं नव्हतं. क्षितिजला आता मी काय काय सुनावणार होते त्याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालली होती.

अर्ध्या ताटावर सासूबाई थांबल्या.

"मला हवं होतं गं नातवंड," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. येताना विमानात पुढच्या सीटवर एक बाळ होतं, मागे वळून बघायचं. पूर्ण प्रवास मी त्याच्याकडेच बघत आले."

"आई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच मी…"

"वाटू दे की. मला वाईट वाटणारच. ते तू का अडवतेस? तुझ्या ऑफिसातली आहे का मी?"

त्या रागावल्या नव्हत्या. साधं विचारत होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या. ताटातले ते बटाटे दिसेनासे झाले तेव्हा मला कळलं की मी रडतेय. दवाखान्यात मी रडले नव्हते, पाकिटं परत केली तेव्हा नाही, आइस्क्रीम खाताना नाही. क्षितिजला मी सांगितलं होतं की मला सुटल्यासारखं वाटतंय, आणि ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

"मलाही हवं होतं," मी म्हणाले. हे मी कुणालाच म्हटलं नव्हतं. "मला खूप हवं होतं, आई."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. रश्श्याचा हात तसाच ठेवून त्यांनी कोपराने मला जवळ ओढलं, आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडले.